लपलेल्या गावचा दुरियान

दुरियानबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी सांगितल्या जातात. एक, तो फणसाचा भाऊ. दोन, त्याचा वास असा की तिकडची हॉटेलंसुद्धा त्याला दारात उभं करत नाहीत. पहिली गोष्ट चूक आहे. फणस वड-पिंपळ-अंजिराच्या कुळातला. दुरियानचं नातं जास्वंद, भेंडी आणि कापसाशी. दुसरी खरी आहे, पण तेवढ्यावर फळाचा निकाल लावायचा, तर सुक्या बांगड्याच्या वासावरून आख्ख्या गोव्याचा निकाल लावावा लागेल.

मुळात ‘दुरियान’ हा शब्दच फार मोघम आहे. आपण नुसता ‘आंबा’ आणतो का? मानकुराद की हापूस, आणि कुठला, हे विचारल्याशिवाय आपला हात खिशात जात नाही. थायलंडमध्येही तसंच. माझा मामा जहाजावर असतो. त्यानं आणलेले सुके काप मी खाल्ले ते मोन-थोंगचे. मोन-थोंग म्हणजे ‘सोन्याची उशी’. थायलंडहून चीनला जाणारा दुरियान मुख्यतः हाच: मोठा, गरदार, प्रवासात टिकणारा. फळ पिकायच्या आधीच कापायचं, पेटीत भरायचं, पाठवायचं. मोन-थोंगला नावं ठेवायची नाहीत मला. पण ज्याच्याविषयी लिहायचंय तो दुरियान वेगळा आहे.

थायलंडच्या उत्तरेला उत्तरादित नावाचा प्रांत आहे. (हो, आपलाच ‘उत्तर’, आणि शेवटी जो ‘दित’ ऐकू येतो तो पालीतला ‘तित्थ’, म्हणजे तीर्थ, नदीचा घाट.) त्या प्रांतात लप-लॅ हा डोंगराळ तालुका. थाई भाषेत ‘लप’ म्हणजे दडलेलं, नजरेआड असलेलं. मराठीतल्या ‘लपणे’शी त्याचं नातं नाही, निव्वळ योगायोग, पण वाचल्यावर मी दोन मिनिटं खूश होते.

या गावच्या दुरियानचं नाव ‘लोंग लप-लॅ’. लोंग हे तिथल्या एका बागायतदार बाईचं नाव. तिच्या बागेत बीपासून उगवलेलं एक झाड होतं. 1977 साली अशा बियांच्या झाडांच्या फळांची स्पर्धा झाली, त्यात ते पहिलं आलं, आणि मग त्याची कलमं पसरली. त्याचा भाऊबंद ‘लिन लप-लॅ’. तोही लिन नावाच्या शेतकऱ्यावरून. आता आपल्याकडे बघा. हापूस हे नाव आलं आफोंस द आल्बुकेर्कवरून, म्हणजे ज्यानं 1510 मध्ये गोवा जिंकला त्याच्यावरून. मुसरादमध्ये मोन्सेरात दडलाय. मानकुराद तर ‘मालकोराद’, वाईट रंगाचा! जिनं झाड राखलं तिचं नाव फळाला लागणं ही मला साधी गोष्ट वाटत नाही. आमच्या आजीनं आयुष्यभर ज्या आंब्याच्या मुळाशी पाणी घातलं, त्याला घरात ‘विहिरीकडचा’ म्हणतात.

थाई भाषेत ‘लोंग’ या शब्दाचा अर्थ वाट चुकणं, भुलणं असाही होतो. फळ खाणारे भुलतातच म्हणे. मोन-थोंगपेक्षा ते बरंच लहान, गोलसर. बी चिमटलेली, त्यामुळे आकाराच्या मानानं गर भरपूर. गर कोरडसर, मऊ, धागा जवळजवळ नाही, आणि वास सौम्य. म्हणजे ज्या एका गोष्टीवरून आपण दुरियानची टिंगल करतो, तीच इथे कमी!

पण चव हे त्याचं खरं वेगळेपण आहे असं मला वाटत नाही. चव कलमाबरोबर जाते. लोंगची कलमं दुसऱ्या गावांतही लागतात. कलमाबरोबर जात नाही तो डोंगर. लप-लॅच्या जुन्या बागा या आपल्या अर्थानं बागा नव्हेतच. खड्या उतारावर रानातल्याच झाडांमध्ये दुरियान, आणि लांगसात नावाची घोसाघोसानं लागणारी पिवळट फळं. जिथे माणूस नीट उभा राहू शकत नाही तिथे जुनी माणसं गलोलीनं बिया वर उडवत. फळं उतरवायची तर तारेवरून टोपल्या सोडायच्या, किंवा दोन्ही बाजूंना टोपल्या बांधलेली मोटारसायकल त्या पायवाटेवरून हाकायची. दुरियानची फुलं संध्याकाळी उमलतात आणि रात्री वटवाघळं येऊन परागीकरण करतात. म्हणजे रान हे तिथे शोभेला नाही, कामाला आहे.

आणि धोका नेमका इथेच आहे. लोंगला मोन-थोंगहून चांगला भाव मिळतो. भाव आला की उतारावरची बाकीची झाडं ‘फुकट जागा खाणारी’ दिसायला लागतात. मे 2006 मध्ये उत्तरादितमध्ये प्रचंड पाऊस झाला, दरडी कोसळल्या, लप-लॅसकट अनेक गावांत माणसं गेली. सगळा दोष बागांवर टाकणं बरोबर नाही, पाऊसच तसा होता. पण माळीण आठवणाऱ्या आपल्याला उघडा उतार म्हणजे काय ते समजवावं लागू नये.

माझी एक वर्गमैत्रीण म्हणाली, “त्यांनी रान राखायचं आणि आपण कौतुकाचे लेख लिहायचे, हे बरंय!” टोमणा रास्त आहे. शेतकऱ्यानं गरीब राहून निसर्ग सांभाळावा असं मीही म्हणत नाही. मी म्हणते, जादा पैसे नुसत्या चिमटलेल्या बीचे मोजू नयेत, त्या डोंगराचे मोजावेत. लोंगला भौगोलिक मानांकन आहे. आपल्या मानकुरादला ते 2023 मध्ये मिळालं. मानांकन नावाचं रक्षण करतं; देवगड म्हणून भलताच हापूस गळ्यात पडलेल्यांना त्याची किंमत कळते. पण शेजारच्या झाडाचं रक्षण त्यानं आपोआप होत नाही. तो हट्ट विकत घेणाऱ्यानंच धरायला हवा.

लप-लॅची एक लोककथा आहे. त्या गावात खोटं बोलायची बंदी होती. बाहेरून आलेल्या जावयानं रडणारं मूल गप्प करायला “आई आली बघ” असं खोटंच सांगितलं, तेवढ्यावरून त्याला गाव सोडावं लागलं. निघताना बायकोनं पिशवीभर हळद दिली. वाटेत ओझं होतं म्हणून तो ती टाकत गेला. घरी पोचून बघतो तर तळाला उरलेल्या हळकुंडांचं सोनं झालेलं. गावाच्या वेशीवर आजही त्या बाईचा, कडेवरच्या मुलाचा आणि पिशवी घेऊन बसलेल्या त्या नवऱ्याचा पुतळा आहे. कथेत तो हळद शोधायला परत फिरतो, पण गाव त्याला पुन्हा सापडत नाही.