आरसीवर ९८, इंजिनात १३२

एचएसआरपी नंबर प्लेटचा ऑनलाइन अर्ज तुम्ही भरला असेल, घरच्यांसाठी तरी नक्कीच. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना ही प्लेट सक्तीची झाली, मुदत पुन्हा पुन्हा वाढली आणि कपाटातली जुनी आरसी बुकं बाहेर निघाली. अर्जात गाडीच्या नंबरासोबत चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे मागतात. आरसीवर बघून टाकले की झालं काम. पण खाली वाकून, फडक्यानं तेल पुसून, इंजिनवर कोरलेले आकडे तेच आहेत का, हे कधी बघितलंय?

बघा एकदा. कारण आपल्याकडे एका गाडीचं सामान दुसरीला बसवणं ही रोजची गोष्ट आहे, आणि त्यातलं बरंचसं चांगलंच आहे. १९८५ ची हिरो होंडा सीडी १००, १९९४ ची स्प्लेंडर, नंतरची पॅशन, तिन्हींचं इंजिन ९७.२ सीसीचं, बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५. त्यामुळे यांचे बरेच भाग एकमेकींना चालतात. आष्टी-पाटोद्याच्या वाड्यावस्त्यांवर दुधाचे कॅन वाहणारी, हंगामात ऊसतोडीला साखर कारखान्यापर्यंत जाणारी गाडी वीस वर्षं टिकते ती याच जोरावर. त्याला मॉडिफिकेशन म्हणू नका, ती दुरुस्ती आहे.

तुमच्या रील्समध्ये येतं ते वेगळं. यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ एवढीच बनली, ११ हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद. आज तिला मागणी एवढी, की पोरं तिच्यावर आरएक्स १३५ चा ब्लॉक-पिस्टन चढवतात. हे जमतं कसं? दोन्हींचा स्ट्रोक ५० मिलिमीटरच. बोअर मात्र ५० चा ५८ होतो आणि ९८ सीसीची गाडी १३२ सीसीची होते. बुलेटचंही तसंच. ३५० आणि ५०० या जुन्या मॉडेलांचा स्ट्रोक ९०, बोअर ७० आणि ८४. म्हणजे ३४६ सीसी आणि ४९९ सीसी. इंजिन बांधणाऱ्या मिस्त्रीला हे गणित तोंडपाठ असतं, आणि खरं सांगायचं तर सिलिंडरचं घनफळ वर्गापेक्षा गॅरेजात लवकर समजतं.

आता पुढचं गणित, जे मिस्त्री नेहमी सांगतोच असं नाही. मोठ्या बोअरला पेट्रोल जास्त लागतं. कार्बोरेटरचा जेट जुनाच राहिला तर मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि जॅम होतो. टू स्ट्रोक गाडीत हे भर वेगात झालं तर मागचं चाक जागेवर लॉक होतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. (त्यातलं काही इथेनॉल आपल्याच लोकांनी तोडलेल्या उसाचं असेल, हा वेगळा विषय.) या पेट्रोलवर जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण आणखी पातळ होतं. ब्रेक तर ड्रमचेच, १०० सीसीसाठी बनलेले. वेग ६० वरून ८० झाला, तर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर जवळपास पावणेदोन पट होतं. मांजरसुंब्याचा घाट उतरताना हे अंतर समोर ट्रक असताना मोजू नका.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीतल्या, कंपनीनं ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आणलं: प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पूर्ण इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते, आणि बदलल्यावर १४ दिवसांत कळवावं लागतं.

खरी मेख इथे आहे. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो, ब्लॉकवर नाही. म्हणजे १३२ सीसी करूनही नंबर तोच राहतो, नाक्यावर काही कळत नाही. पण अपघात झाला आणि इंजिन उघडलं गेलं, की विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. बुलेटवाल्यांनी जास्त जपावं. १५० ते ३५० सीसीचा थर्ड पार्टी हप्ता १,३६६ रुपये, ३५० च्या वर २,८०४. तुम्ही भरता पहिला, चालवता दुसरं.

भंगारातून आख्खं इंजिन आणून टाकलं असेल तर प्रकरण आणखी पुढे जातं. ते चोरीच्या गाडीचं निघालं, तर पोलीस आधी तुमच्या दारात येतात. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असतानाही तो घेतला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त आणि बिनपावतीचं इंजिन, हे असं कारण ठरू शकतं.

माझं मत विचाराल तर कायद्यातही एक खोट आहे. सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून मान्य होतं, आरसीवर चढतं. ब्लॉक बदललेल्या एकट्यादुकट्या गाडीसाठी असा सोपा रस्ता नाही. जेट, ब्रेक, क्लच सगळं जुळवून नीट काम करणारा मिस्त्री आणि नुसता ब्लॉक ठोकून देणारा, दोघं कागदावर सारखेच बेकायदा. मग नीट काम करायचं कुणी कशाला? बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या आरटीओत अशी एक तपासणी झाली, ब्रेकची चाचणी घेतली आणि सीसी नोंदवून घेतला, तर काय बिघडेल?

तोपर्यंत जुनी आरएक्स घ्यायला निघाला असाल, तर आरसी सोबत घ्या, क्रँककेसवरचा आणि चेसिसवरचा नंबर जुळवा, घासून पुन्हा ठोकल्यासारखे आकडे दिसले तर तिथूनच परत फिरा. नंबर जुळला तरी ब्लॉक कुठला आहे ते स्पष्ट विचारा. विकणारा म्हणाला, ‘भाऊ, पिकअप बघा ना,’ तर पिकअप नंतर बघा, आधी पुढचा ब्रेक दाबून बघा.