टीव्ही लपवायला मोटर कशाला?



ठाण्यात नव्या फ्लॅटचं इंटिरियर काढलं की हल्ली एक गोष्ट हमखास सुचवली जाते. हॉलमध्ये बसकं कपाट आणि त्याच्या पोटात टीव्ही. बटण दाबलं की झाकण उघडून टीव्ही वर येतो, पुन्हा दाबलं की खाली जातो. "देवघरासमोर टीव्ही दिसायला नको" म्हटलं की घरातली मोठी माणसंही लगेच हो म्हणतात. आमच्याकडेही हा विषय निघालाय आणि माझं मत आहे, मोटर नको.

टीव्ही झाकायला माझा विरोध नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. त्यानंतर घरोघरी आलेल्या कितीतरी टीव्हींना लाकडी सरकतं शटर असायचं, काहींना कुलूपही. ते लावायला कुणीतरी उठायचं आणि "आता पुरे" म्हणायचं. बटण दाबायला सोफ्यावरून उठावंही लागत नाही.

आता कपाटाचं बघा. 55 इंची टीव्हीचा पडदा साधारण 122 सेंमी रुंद आणि 69 सेंमी उंच. तो अख्खा आत बसायचा म्हणजे कपाट जवळजवळ कमरेएवढं होणार. टीव्ही तापतो म्हणून मागे हवेसाठी फट हवी, वर-खाली होतो म्हणून वायरी सैल हव्यात. मोटर बिघडली की टीव्ही आतच अडकणार.

मला खरी काळजी त्या फटीची आहे. अंधार, ऊब आणि फट मिळाली की पाली, झुरळं, मुंग्या, कोळी राहायला येतातच. पावसाळ्यात तर विचारू नका. टीव्ही खाली जाताना आत कोण आहे, हे आपल्याला दिसत नाही. आपण पाणी गाळून पितो, भाजी निवडताना अळी बघतो. मुनिराज पिंछीने जागा स्वच्छ केल्याशिवाय बसत नाहीत. आणि आपल्याच हॉलमध्ये न बघता चालणारं यंत्र दिवसातून चार वेळा फिरवायचं?

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. राग-द्वेष वाढवणारं ऐकत बसणं ही दुःश्रुती. ती मालिकांतून येते, कपाटातून वर आलेल्या टीव्हीवरही तीच मालिका लागते. कारण नसताना केलेला आरंभ ही प्रमादचर्या, आणि मोटरने नेमकी तिचीच भर पडते.

कुणी म्हणेल, सासूबाई जिनवाणी आणि पारस चॅनलवर प्रवचन ऐकतात, त्याचं काय? ऐकू देत. म्हणूनच मी म्हणते, प्रश्न टीव्ही दिसण्याचा नाही, वेळेचा आहे.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 साली हे करून दाखवलं. संध्याकाळी 7 ला मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद व्हायचे. मुलं अभ्यासाला बसायची. त्यासाठी कुणाला कपाट बदलावं लागलं नाही.

आपल्याकडे तर यासाठी शब्दही तयार आहे. जन्मभरासाठी घेतलेला त्याग तो यम, ठरावीक काळासाठी घेतलेला तो नियम. सामायिकाची 48 मिनिटं टीव्ही बंद, एवढा नियम तरी घेऊ या. डोंबिवलीहून लोकलने येणारा माणूस 8 ला घरी पोचत असेल तर वेळ 8 नंतरची ठेवा, पण सगळ्यांनी मिळून पाळा.

टीव्ही झाकायचाच असेल तर सुताराकडून साधं दोन दारांचं कपाट करून घ्या. हाताने उघडा, आत नजर टाका, मऊ फडक्याने हलकेच झटका, मग टीव्ही लावा. मोटरचे वाचलेले पैसे दशलक्षणात पाठशाळेच्या मुलांच्या पुस्तकांसाठी द्या. मी घरी हेच सुचवणार आहे.