इम्प्लांट, कॅप्सूल आणि उरणारा स्तन

स्तनातील इम्प्लांट काढण्याच्या शस्त्रक्रियेत तीन निर्णय वेगवेगळे घ्यावे लागतात: इम्प्लांटचा, त्याभोवती शरीराने विणलेल्या कॅप्सूलचा आणि मागे उरणाऱ्या स्तनाचा. रुग्णाची मागणी मात्र एकच असते, ‘हे काढून टाका’. त्या एका वाक्यात तिन्ही निर्णय मिसळले, की कॅप्सूल विनाकारण खरवडली जाते किंवा काढायला हवी तिथे राहून जाते, आणि आकाराविषयीची निराशा ड्रेसिंग सुटल्यावर समोर येते.

सिलिकॉन जेलचे पहिले इम्प्लांट १९६२ मध्ये ह्यूस्टन येथे बसवले गेले. इम्प्लांट आयुष्यभर पुरत नाही, हे आता सर्वमान्य आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या माहितीनुसार, आकार वाढवण्यासाठी इम्प्लांट बसवलेल्यांपैकी २० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना ते ८ ते १० वर्षांत काढावे लागते. कॅप्सूल आकसून स्तन कडक व वेदनामय होणे, म्हणजे बेकर वर्गीकरणातील तिसरी-चौथी श्रेणी, हे त्याचे एक प्रमुख कारण. फुटणे, जागेवरून सरकणे, जंतुसंसर्ग आणि वयानुसार बदललेली पसंती ही इतर कारणे. कुठलाच त्रास नसताना, केवळ नको वाटते म्हणून काढणे हेही वैध कारण आहे.

तपासणीची सुरुवात कागदपत्रांपासून होते. कंपनी, पृष्ठभाग, आकारमान, लॉट क्रमांक आणि इम्प्लांट स्नायूखाली आहे की वर, ही माहिती जुन्या डिस्चार्ज कार्डावरील स्टिकरवर किंवा शस्त्रक्रियेच्या नोंदीत मिळते. सलाइनचे इम्प्लांट फुटले तर स्तन बसतो आणि रुग्णाच्याच ते ध्यानात येते. जेलचे इम्प्लांट गुपचूप फुटते, म्हणून केवळ हाताच्या तपासणीवर विसंबता येत नाही. सोनोग्राफीत शंका आली तर एमआरआय करावा. लक्षणे नसली तरी बसवल्यापासून ५ ते ६ वर्षांनी आणि पुढे दर २ ते ३ वर्षांनी अशी तपासणी करावी, असा अमेरिकी प्रशासनाचा सल्ला आहे. वयानुसार मॅमोग्राफीही शस्त्रक्रियेआधीच उरकावी, कारण नंतरच्या व्रणांमुळे चित्र काही काळ गढूळ होते. काखेतील गाठींत सिलिकॉन आढळले तरी त्रास नसल्यास त्या काढण्याची गरज नसते.

टेक्स्चर्ड, म्हणजे खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी निगडित अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा हा मुद्दा वेगळा हाताळावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये या आजाराला स्वतंत्र स्थान दिले आणि जुलै २०१९ मध्ये बायोसेल पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत घेतली गेली. इम्प्लांट बसवून वर्ष उलटल्यावर, बहुधा कित्येक वर्षांनी, एका बाजूचा स्तन अचानक सुजला आणि भोवती पाणी साचले, तर थेट शस्त्रक्रिया करू नये. आधी सोनोग्राफीच्या मदतीने पाणी काढून ते पेशीतपासणी, फ्लो सायटोमेट्री आणि सीडी-३० साठी पाठवावे. निदान पक्के झाल्यास इम्प्लांट व कॅप्सूल अखंड, सोबतची गाठ असल्यास तिच्यासह काढणे हाच उपचाराचा पाया आहे. लक्षणे नसलेल्या स्त्रीने मात्र केवळ पृष्ठभाग खरखरीत आहे म्हणून इम्प्लांट काढण्याची शिफारस अमेरिकी प्रशासन करत नाही. तिला धोका समजावून द्यावा आणि निर्णय तिच्यावर सोपवावा.

थकवा, सांधेदुखी, विस्मरण, केस गळणे अशा तक्रारी ‘ब्रेस्ट इम्प्लांट इलनेस’ या नावाखाली घेऊन येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. याचे निदान करणारी कोणतीही तपासणी आज उपलब्ध नाही. थायरॉइड, रक्तक्षय, संधिवात, नैराश्य आणि रजोनिवृत्ती यांचा शोध आधी घ्यावा लागतो. तक्रार झटकून टाकणे जितके चूक, तितकेच बरे होण्याची हमी देणे चूक. इम्प्लांट काढल्यावर अनेकींना आराम पडतो, सर्वांना नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात कॅप्सूल अखंड काढली, पूर्ण काढली किंवा थोडीच काढली, तरी सुधारणेत लक्षणीय फरक दिसला नाही.

म्हणूनच समाजमाध्यमांवरून आलेली ‘एन ब्लॉक’ची, म्हणजे इम्प्लांटसह कॅप्सूल अखंड काढण्याची, मागणी तपासून घ्यावी लागते. ही संज्ञा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतली आहे. कॅप्सूल पातळ आणि निरोगी असेल तर ती ठेवता येते. ती जाड झाली असेल, तिच्यात कॅल्शियम साचले असेल किंवा जेल बाहेर पसरले असेल, तर काढणे योग्य. इम्प्लांट स्नायूखाली असल्यास मागची कॅप्सूल बरगड्यांना चिकटलेली असते. ती ओढून काढताना रक्तस्राव होतो आणि छातीच्या पोकळीत हवा शिरण्याचा धोका असतो. अखंड काढण्याचे वचन शस्त्रक्रियेआधी देऊ नये. संशयास्पद भाग मात्र पॅथॉलॉजीकडे पाठवावाच, कारण कॅप्सूलमध्ये स्क्वॅमस पेशींचा कर्करोग आणि इतर लिम्फोमा क्वचित आढळल्याची सूचना २०२२ मध्ये दिली गेली आहे आणि तीत गुळगुळीत इम्प्लांटही आली.

उरणाऱ्या स्तनाविषयी समुपदेशनात सर्वाधिक वेळ द्यावा. इम्प्लांटच्या दाबाने स्तनऊती पातळ झालेली असते आणि त्वचा ताणलेली असते. आधीचा स्तन जसाच्या तसा परत येत नाही. त्वचा लवचिक आणि इम्प्लांट लहान असेल तर काही महिन्यांत आकार बराच सावरतो. स्तन ओघळलेला असल्यास मास्टोपेक्सी, म्हणजे स्तन उचलण्याची शस्त्रक्रिया, करता येते, पण कॅप्सूल पूर्ण काढून त्याच वेळी त्वचाही उचलली, तर स्तनाग्राचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. धूम्रपान करणाऱ्या किंवा ऊती फार पातळ असलेल्या स्त्रीत हे दोन टप्प्यांत करावे. चरबी भरून आकार सुधारता येतो, मात्र भरलेल्या चरबीचा काही भाग विरतो. इम्प्लांट सलाइनचे असल्यास आधी पाणी काढून काही आठवडे थांबणे हा सोपा मार्ग आहे, कारण पुढचे रूप रुग्णाला आरशात दिसते. स्तनकर्करोगानंतर पुनर्रचना झालेल्या स्त्रीत इम्प्लांटवर बहुधा फक्त त्वचेचे आवरण असते. तिच्यापुढे पोटाच्या किंवा पाठीच्या ऊतीने पुनर्रचना आणि सपाट छाती हे दोन्ही पर्याय सारख्याच आदराने मांडावेत. किरणोपचार झाले असतील तर जखम भरण्याची शाश्वती कमी असते, हेही सांगावे.

खर्चाची बाजू आधी स्पष्ट करावी. भारतातील आरोग्यविमा केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळतो. अपघात, भाजणे, कर्करोग किंवा आरोग्याला तातडीचा थेट धोका असेल तर अपवाद होतो, म्हणून वैद्यकीय कारण नोंदीत नेमके लिहावे. इम्प्लांट सदोष निघाल्यास त्याची माहिती लॉट क्रमांकासह भारतीय मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे कळवावी. तो गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालतो.

शेवटच्या डिस्चार्ज कार्डावर तिन्ही निर्णय स्वतंत्रपणे उतरवावेत: काय काढले, कॅप्सूल किती व कुठली ठेवली, स्तनावर आणखी काय केले. मागे राहिलेल्या कॅप्सूलमध्ये पुढे कॅल्शियम साचले, तर मॅमोग्राफी वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला ती नोंदच संशयातून सोडवते आणि त्या स्त्रीची नाहक बायोप्सी टळते.