काचेत राहिलेल्या बाळाची ‘बेरा’ टाळू नका

नवजात बाळाच्या कानात बारीक नळी ठेवून काही मिनिटांत होणारी ‘ओएई’ चाचणी आता अनेक रुग्णालयांत होते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण जे बाळ काचेत राहून घरी आलं, ज्याची कावीळ रक्त बदलण्यापर्यंत गेली होती, त्याच्या फाइलवर नुसतं ‘ओएई पास’ लिहिलेलं दिसलं की मला धास्ती वाटते.

ही चाचणी आतल्या कानापाशीच संपते. तिथल्या केसपेशी आवाजाला स्वतःच्या सूक्ष्म आवाजाने उत्तर देतात, यंत्र तेवढंच टिपतं. पुढचा सारा रस्ता मेंदूतला. श्रवणतंतूतून संदेश मस्तिष्कस्तंभात जातो. तिथे दोन्ही कानांचे संदेश एकत्र येतात आणि कुठल्या कानाला आवाज आधी पोचला, हे ताडलं जातं. सेकंदाच्या एक लाखाव्या भागाइतका फरकही माणसाला कळू शकतो! मग सगळे धागे मध्यमेंदूत येऊन मिळतात. हे जमतं ते हजारो तंतू एकाच वेळी बोलतात म्हणून. दिंडीतले टाळ एका ठेक्यात पडले नाहीत, तर अभंगाचे शब्द कुठले कळायला?

अति वाढलेलं बिलिरुबिन नेमकं मस्तिष्कस्तंभातल्या आणि मध्यमेंदूतल्या याच केंद्रांवर घाला घालतं. केसपेशी बहुधा शाबूत राहतात, म्हणून ओएई पास. या अवस्थेला १९९६ साली ‘ऑडिटरी न्यूरोपॅथी’ हे नाव मिळालं. मुलाला आवाज येतो, पण बोलणं विस्कटून पोचतं. घरी ताट वाजवलं की ते दचकतं, म्हणून सगळे निश्चिंत. ‘आमच्यात मुलं उशिराच बोलतात,’ म्हणत दोन वर्षं जातात. भाषा रुजण्याची हीच तर वर्षं.

हा बिघाड पकडते ती ‘बेरा’, म्हणजे कानापासून मध्यमेंदूपर्यंतचा हा रस्ता तपासणारी चाचणी. तिच्यात बाळाला सुई टोचत नाहीत. झोपलेल्या बाळाच्या कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात टिकटिक ऐकवतात. हजारो टिकटिकींची सरासरी काढली की पडद्यावर दहा मिलिसेकंदांच्या आत पाच लाटा उमटतात. पाचवी येते मध्यमेंदूच्या वेशीवरून. ऑडिओलॉजिस्ट आवाज कमी करत जातात आणि ती कुठे मावळते ते पाहतात.

पाच दिवसांहून जास्त अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांची याच पद्धतीने तपासणी करा, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २००७ मध्येच सांगितलं. आपल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही जन्मजात बहिरेपण आहे. मग अशा बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर बेराची तारीख छापलेलीच हवी. आईबापांनी मागितली तर मिळेल, असं नको. त्यांना या चाचणीचं नावही ठाऊक नसतं.

आणखी एक. काविळीनंतर बिघडलेली बेरा काही बाळांत महिन्यांनी सुधारतेही. म्हणून एका रिपोर्टवरून कानात यंत्र बसवण्याच्या शस्त्रक्रियेची घाई नको, पण फेरतपासणी मात्र चुकवू नका. चाचणीच्या दिवशी बाळाला जागं ठेवून आणा आणि तिथे पोचल्यावर दूध पाजा, म्हणजे ते आपसूक झोपेल.