देऊळ फिरले, नाटक का फिरत नाही?

संगीत नाटक ही शहरी माणसाची करमणूक आहे, खेड्यात तिला गिऱ्हाईक नाही, असे एक मत आपल्याकडे इतक्या वेळा आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने मांडले जाते की, ते एकदा तपासून पाहावे असे कुणाला वाटतच नाही. मला ते तपासायचे आहे. कारण हे मत नुसते खोटे नाही. ते अनेकांच्या सोयीचे खोटे आहे.

मुळात या नाटकाचा जन्म झाला कुठे? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभे केले ते सांगलीत. सांगली म्हणजे काही मुंबई नव्हे. ‘शारदा’कार देवल हरिपूरचे. अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले गुर्लहोसूर नावाच्या लहानशा गावात, आणि आयुष्यात काही काळ त्यांनी मास्तरकीही केली. १८८० साली पुण्यात त्यांनी पारशी मंडळींचे ‘इंद्रसभा’ पाहिले, आणि असे गाणारे नाटक मराठीत का होऊ नये, या ध्यासाने ते झपाटले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या दिवसांत, ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. म्हणजे परगावच्या एका नाटकवेड्याने मोठ्या शहरात एक खेळ पाहिला, नि त्यातून आपल्या भाषेला नवी रंगभूमी मिळाली! पुढे नाटक मंडळ्या पडदे, पेट्या आणि बिऱ्हाडे घेऊन गावोगाव फिरल्या, तेव्हा त्यांना ‘गिऱ्हाईक कुठे आहे’ असा प्रश्न पडला नाही. गिऱ्हाईक होते तिथे त्या स्वतःच जात होत्या.

मोठ्या शहरातला खेळ मीही पाहिला आहे. २०२३ सालच्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, भाच्याने तिकीट काढून दिले म्हणून कुरुंद्याहून वसमत, वसमतहून नांदेड आणि तिथून रात्रभर आगगाडी असा प्रवास करून मी मुंबई गाठली. वांद्रे-कुर्ला संकुलातले नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्र त्याच वर्षी मार्चअखेर सुरू झाले होते. तिथल्या दोन हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात मी ‘द साउंड ऑफ म्युझिक’ पाहिले. हे नाटक १९५९ साली न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आले होते. निम्मे इंग्रजी माझ्या डोक्यावरून गेले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. पण एका करड्या शिस्तीच्या घरात आलेली तरुण शिक्षिका तिथल्या सात मुलांना सूर ओळखायला शिकवते, तो प्रवेश समजायला भाषांतर लागले नाही. निदान माझ्यासारख्या मास्तराला तरी नाही.

नाटक मला मनापासून आवडले. दुसऱ्याच्या श्रीमंतीला नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नव्हे. पण परतीच्या गाडीत मी विचार करू लागलो, की आपल्याला नेमके काय आवडले? डोळ्यांदेखत पालटणारे देखावे? ते पाहून मी थक्क झालो, एवढेच. मन हलले ते मुले समोर उभी राहून, श्वास घेऊन, आपल्या गळ्याने गात होती म्हणून. आणि जिवंत गळ्याला दोन हजार खुर्च्या लागत नाहीत.

‘पण खेड्यात ते कळणार कुणाला?’ हा पुढचा प्रश्न. आमच्या हिंगोली जिल्ह्यात नरसी आहे. नामदेवांचे ते गाव. इथे सप्ताह बसला की, बायामाणसे सतरंजीवर मध्यरात्रीपर्यंत बसतात, आणि गायक कुठे घसरला ते मागच्या रांगेतली म्हातारी शेजारणीच्या कानात अचूक सांगते. भारुडातले सोंग आणि त्यामागचा अर्थ दोन्ही जिला उमगतात, तिला नाट्यपद उमगणार नाही? आणि ज्या कुरुंद्याचे नाव आडनावात वागवून नरहर कुरुंदकरांनी भरताच्या नाट्यशास्त्राचा अभ्यास केला, त्या गावाला नाटक कळत नाही म्हणायचे, तर जरा जपून म्हणावे.

प्राजक्त देशमुखांचे ‘संगीत देवबाभळी’ २०१७ साली रंगमंचावर आले. पात्रे दोनच: तुकोबांची आवली आणि पंढरीची रखुमाई. या संहितेला २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. आता आवलीच्या पायात काटा रुतल्याची कथा कुणाची आहे? ती जात्यावरच्या आणि वारीतल्या बायकांची आहे. अशी कथा पाहायला त्यांनी शहर गाठावे लागते, याचा दोष मी त्या नाटकाला देत नाही. नाटक कुठे जाईल आणि कुठे जाणार नाही हे ठरवणाऱ्या आपल्या साऱ्या व्यवस्थेला देतो.

खर्चाची अडचण खरी आहे, हे मी मान्य करतो. सामानाची गाडी, नटांचा मुक्काम, दिवे, वाजंत्री यांचे पैसे कुणीतरी द्यायचे असतात. नांदेडला चांगली सभागृहे आहेत. पण रात्री नाटक सुटल्यावर तिथून खेड्याकडे परतायला गाडी नसते. तेव्हा उपायही खऱ्या अडचणी बघूनच सुचवतो. चार-पाच नट, पेटी, तबला आणि एक टेम्पो एवढ्यात मावणारी नाटके आमच्याकडे पाठवा. प्रयोग दुपारी लावा. आणि दौरा शनिवार-रविवार पाहून आखू नका, आमची पिके पाहून आखा. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन घरात येते, उन्हाळ्यात वसमतच्या बाजारात हळद विकली जाते. त्या दिवसांत तिकिटाचे पैसे आमच्या खिशात असतात. कार्तिकात रिकामे गेलेले नाट्यगृह दाखवून ‘प्रेक्षक नाही’ म्हणणे सोपे; पण भाद्रपदात आमच्या दारी येऊन तेच म्हणाल, तर तो हिशेब खरा नव्हे.

आमच्या पुढाऱ्यांनाही दोन शब्द. गावोगाव मंगल कार्यालये उभी राहिली; बायकांना कपडे बदलायला आडोसा असलेला एक साधा रंगमंच मात्र दिसत नाही. स्नेहसंमेलनात तर ध्वनिमुद्रित चित्रपटगीत लावतात आणि मुले त्यावर ओठ हलवतात. मधल्या सुट्टीत लखलखीत गवळण म्हणणारी सातवीतली एक मुलगी मी अशीच, मुक्याने ओठ हलवताना पाहिली आहे. नाटक गावात येत नाही याचे खरे नुकसान हे आहे. करमणूक काय, हातातल्या फोनवर हवी तेवढी मिळते. पण गाणारे माणूस तिने समोर उभे असलेले कधी पाहिलेच नाही, म्हणून आपला गळा चारचौघांत काढायचा असतो, हे त्या पोरीला ठाऊक नाही.

आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जायला सांगितले, तेव्हा ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी कथा आमच्याकडे लहान पोरही सांगते. गाणे जिथे होते तिकडे देव वळला. नाटकवाल्यांकडे आमचे मागणे त्याहून पुष्कळ लहान आहे. येत्या हंगामात एक टेम्पो वसमतच्या रस्त्याला वळवा. शाळेचे पटांगण झाडून ठेवतो, सतरंज्या आम्ही अंथरतो, आणि तिकीट काढल्याशिवाय आमच्यातला कुणी बसणार नाही.