तलवार घासू नका : मराठवाड्याला शस्त्रांचा अभिरक्षक का हवा

१/
वयाच्या पंधराव्या वर्षी, खंडेनवमीच्या सकाळी, आजोळच्या जुन्या तलवारीवरचा गंज मी पॉलिश पेपरने घासून काढला. जिंतूर तालुक्यातील त्या घरात सर्वांनी कौतुक केले, कारण पाते आरशासारखे चकाकत होते. मुठीजवळ, पात्याच्या पाठीवर काही बारीक पिवळसर रेघा होत्या. त्याही गेल्या. त्या रेघा अक्षरे असाव्यात, हे मला इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासात उमगले.

२/
आजचा थ्रेड त्या चुकीविषयी आणि ती चूक टाळू शकणाऱ्या एका पेशाविषयी आहे. संग्रहालयातील शस्त्रांच्या जाणकाराला, म्हणजे शस्त्रविभागाच्या अभिरक्षकाला, आपण काचेच्या कपाटाचा राखणदार समजतो. माझे मत असे की परभणीसारख्या जिल्ह्यांना या माणसाची गरज मोठ्या शहरांपेक्षा अधिक आहे.

३/
आधी अक्षरांचे मोल पाहू. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोदबीज लिलावात महाराष्ट्र शासनाने नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. ती रघुजींची, असे आपण कशावरून म्हणतो? तिच्यावर सोन्यात कोरलेल्या देवनागरी लेखात त्यांचे नाव आणि ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब आहे. कोणी उत्साही माणसाने तीही घासली असती, तर ती एक देखणी पण निनावी तलवार उरली असती.

४/
त्याच लेखात ‘फिरंग’ हा शब्द आहे. फिरंग म्हणजे युरोपीय पात्याची, बहुधा सरळ तलवार. जर्मनीतील झोलिंगेन, इटलीतील जिनोव्हा अशा ठिकाणची पाती समुद्रमार्गे दख्खनला येत आणि त्यांना येथील कारागीर मूठ बसवीत. त्या पात्यांना इतका मान होता की युरोपीय कारखान्यांच्या खुणा येथील लोहारही आपल्या पात्यांवर उमटवीत. खूण खरी की नकली, हे ठरवायला तिची घडण, खोली आणि झीज पाहावी लागते. घासलेल्या पात्यावर यांपैकी काहीच उरत नाही.

५/
आता आपल्या शेजारचे उदाहरण. तेलंगणातील निजामाबाद भागातले कोनासमुद्रम हे गाव मुशीतल्या पोलादासाठी प्रसिद्ध होते आणि इराणी व्यापारी ते विकत घ्यायला तेथवर येत. अशा पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. तिला जौहर म्हणतात. ही नक्षी वरून काढलेली नसते. ती धातूच्या घडणीतली असते आणि पृष्ठभागावर सौम्य आम्लाची प्रक्रिया केल्यावर उमटते. पॉलिश पेपर फिरला की ती डोळ्यांआड होते. कोफ्तगिरीत सोन्याची बारीक तार खरवडलेल्या पोलादावर ठोकून बसवतात. ती एकदा निघाली की परत येत नाही.

६/
मग अभिरक्षक दिवसभर करतो काय? प्रत्येक वस्तूची लांबी, वजन, पात्याचा बाक, मुठीचा प्रकार आणि दुरुस्तीच्या खुणा तो नोंदवतो. हातमोजे घालतो, कारण घामातील क्षार लोखंडाला खातात. दालनातील दमटपणा मोजतो. चामड्याच्या म्यानात ओल आणि आम्ल टिकून राहते, म्हणून तलवार आणि म्यान वेगळे ठेवतो. गंज सक्रिय आहे की स्थिर, हे पाहून गरज तेवढाच काढतो. सर्व गंज काढायचा नसतो, हे या पेशाचे पहिले पाठांतर.

७/
याहून अवघड काम आहे पाटी लिहिण्याचे. १९ जुलै २०२४ रोजी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात वाघनखे प्रदर्शित झाली. ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून ३ वर्षांसाठी आली आहेत. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून ती त्या संग्रहालयाला मिळाली आणि सोबतच्या पेटीवर ती शिवाजी महाराजांची असल्याचा मजकूर आहे. अफजलखानाच्या वधात वापरली ती हीच, हे पडताळता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते.

८/
यावर आपल्याकडे दोन टोकांची मते आली. एक पक्ष म्हणाला, शंका घेणे हा अपमान. दुसरा म्हणाला, पुरावा नाही तर वस्तूच निरर्थक. मला दोन्ही अमान्य आहेत. ‘परंपरेने अमुक यांची मानली जाते’ हे प्रामाणिक वाक्य आहे. त्यात श्रद्धेला जागा आहे आणि पुराव्यालाही. महाराजांचे मोठेपण एका वस्तूच्या पाटीवर अवलंबून नाही. ते वाक्य लिहिण्याचे आणि त्यावर ठाम राहण्याचे धैर्य मात्र प्रशिक्षणातून येते. म्हणून हा पेशा हवा.

९/
या वाटेवर आधी चाललेली माणसे आहेत. १८८० मध्ये विल्ब्रॅहम एगर्टन यांनी लंडनच्या इंडिया म्युझियममधील भारतीय शस्त्रांची सचित्र सूची छापली. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातील गो. ना. नव्हे, जी. एन. पंत (आडनावावरून मराठी वाटणारे, पण उत्तरेकडचे) यांनी १९७८ पासून भारतीय शस्त्रांवर अनेक खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. पुण्यात दिनकर केळकरांनी घरोघर हिंडून जुन्या वस्तू गोळा केल्या, त्यात शस्त्रेही होती. १९७५ मध्ये तो संग्रह शासनाकडे सोपवला गेला.

१०/
‘पण परभणीत शस्त्रांचा इतिहास कुठे?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. फरिश्ताच्या तवारीखेनुसार अहमदनगरच्या निजामशाहीच्या संस्थापकाचे पूर्वज आपल्या पाथरीचे. त्याच पाथरीच्या ताब्यासाठी निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही एकमेकींशी लढल्या. विजापूरच्या बुरुजावरची मुलूख-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ओतली, ती निजामशाहीच्याच अहमदनगरात. तोफेवर ओतणाऱ्याचे नाव आहे म्हणून ते आज आपल्याला ठाऊक आहे. पुन्हा अक्षरेच.

११/
१९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग असलेल्या हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे येथील एखाद्या देशमुखाच्या वाड्यात दख्खनी तलवार, दर्ग्यात जुनी ढाल आणि पेटीत ब्रिटिश बनावटीची संगीन सापडली तर नवल नाही. तिचे कागद मोडीत, फार्सीत वा उर्दूत असतील. हे सारे एकत्र वाचणारा माणूस पुण्या-मुंबईत बसून तयार होणार नाही.

१२/
नीट मांडलेले शस्त्रदालन मी पहिल्यांदा पाहिले ते परभणीहून देवगिरी एक्सप्रेस पकडून, हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात. तेथील पाट्या वाचताना आजोळची तलवार सतत आठवत होती. मराठवाड्यात हे होऊ शकत नाही, असे नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. एका घराचा छंद गावाचा ठेवा झाला.

१३/
माझी मागणी भव्य इमारतीची नाही. मराठवाड्यासाठी एक प्रशिक्षित, फिरता शस्त्र-अभिरक्षक असावा. त्याने घरोघरची शस्त्रे मोजावीत, त्यांची छायाचित्रे आणि वर्णने नोंदवावीत आणि वस्तू मालकाच्या घरीच ठेवावी. ‘नोंद म्हणजे जप्ती’ ही गावातली भीती खरी आहे. तिच्यापायी वस्तू लपतात आणि शेवटी भंगारात किंवा दलालाकडे जातात. म्हणून नोंदीला मालकीपासून वेगळे ठेवलेच पाहिजे.

१४/
आक्षेप येईल : शाळांना शिक्षक नाहीत, तिथे तलवारींना अभिरक्षक कशाला? आक्षेप गंभीर आहे. पण शिक्षकाची जागा उद्या भरता येते; घासून गेलेला लेख उद्या भरता येत नाही. शिवाय आपण परदेशातून एक तलवार आणण्यासाठी लाखो रुपये खर्च करतो आणि ते मला योग्य वाटते. मग घरात असलेल्या शंभर तलवारी वाचवायला एक पगार जड का व्हावा?

१५/
ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांच्यासाठी : बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. सोबत मोडी शिका, थोडी फार्सी शिका आणि धातूंचे रसायनशास्त्र टाळू नका. जागा कमी आहेत, हे लपवत नाही. माझ्या घरीही रोज ‘एमपीएससीचे काय झाले?’ असे विचारले जाते. त्या काळजीत तथ्य आहे. तरीही मी अर्ज भरतो आहे.

१६/
तोवर या खंडेनवमीला एवढे करा :
• पॉलिश पेपर, राख, चिंच, लिंबू, गंज काढायचे द्रव, काहीही लावू नका.
• कोरड्या मऊ कापडाने फक्त धूळ पुसा. पाते उघड्या हाताने धरू नका.
• हळदकुंकू पाटावर वाहा, पात्यावर नको. ओल्या कुंकवाखाली गंज धरतो.
• दिवसाउजेडी तिरप्या प्रकाशात पात्याच्या दोन्ही बाजू, पाठ आणि मूठ यांची छायाचित्रे काढा.
• आजी-आजोबांना वस्तूची हकीकत विचारा आणि त्यांच्याच शब्दांत तारखेसह लिहून ठेवा.
• शेतात काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याने ते बंधनकारक आहे.

१७/
मागच्या वर्षी मी आजोळच्या तलवारीची रीतसर नोंद केली. लांबी, वजन, मुठीचा प्रकार, सारे लिहिले. ‘लेख’ या रकान्यापाशी बराच वेळ थांबलो. शेवटी लिहिले : ‘पात्याच्या पाठीवर पूर्वी लेख असण्याची शक्यता. घासल्यामुळे नष्ट. घासणारा : प्रस्तुत नोंद करणारा.’ मामांनी ते वाचले आणि तलवार मऊ कापडात गुंडाळून ठेवली. या वर्षी ती कोणी घासणार नाही. तुमच्या घरची तुम्ही सांभाळा.