शोधयंत्रास सामान्यरूप शिकवा

ग्रंथालयात पुस्तके विपुल असूनही सूची सदोष असेल, तर वाचक रिकाम्या हाताने परततो. 2019 साली दिल्लीतील सर्वोच्च न्यायालयाचे वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर अनेक भारतीय मॅस्टोडॉनकडे वळले. हे समाजमाध्यम कोणासही स्वतःच्या सर्व्हरवर चालविता येते. त्यातील मजकूर पोस्टग्रेस या माहितीकोशात राहतो आणि शोधासाठी इलास्टिकसर्च जोडतात. 2023 च्या 4.2 या आवृत्तीपासून, संमती देणाऱ्यांचे सार्वजनिक लेखनही शोधता येते. मात्र त्यासाठी शोधसूची नव्याने बांधावी लागते.

आवृत्ती बदलली, तरी मराठीची अडचण कायम राहते. इलास्टिकसर्चमध्ये हिंदी व बंगाली शब्दांची रूपे ओळखण्याची अंगभूत सोय आहे, मराठीची नाही. म्हणून ‘पाणी’ शोधणाऱ्यास ‘पाण्याचा’ हा शब्द सापडत नाही. ‘पाणी’चे सामान्यरूप ‘पाण्या’ होते, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. यंत्रास ते कोणी सांगितलेले नाही. हा दोष यंत्राचा नव्हे, आपला आहे. व्याकरण जाणणाऱ्यांनी संगणकतज्ज्ञांच्या साहाय्याने हे नियम लिहून द्यावेत. जे शोधून सापडत नाही, ते लिहूनही न लिहिल्यासारखेच होय.